इसानमधील विद्यापीठाचा २७,००० बाटांचा प्रस्ताव: होकार देण्यापूर्वीचे परीक्षण

थायलंडच्या ईशान्य भागाला तिकडे इसान म्हणतात. तेथील एका सरकारी विद्यापीठाने इंग्रजीची अध्यापिका म्हणून मला देऊ केलेल्या नोकरीचे पत्र गेले अडीच महिने माझ्या टेबलावर होते. नोकरी अजून सुरू व्हायची आहे. त्यामुळे येथे परीक्षण आहे ते केवळ त्या प्रस्तावाचे आणि तो माझ्यापर्यंत आणणाऱ्या एजन्सीच्या सेवेचे. दोघांचीही नावे मी देणार नाही, कारण माझ्या ओळखीतील आणखी तिघांना आलेले प्रस्ताव वेगवेगळ्या एजन्सींचे असूनही मजकुराने जवळजवळ सारखेच निघाले. तारे द्यायचेच तर एजन्सीला पाचपैकी एक, प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्याला दोन आणि दुरुस्त मसुद्याला साडेतीन.

एजन्सीविषयीचे आधी आटोपते घेते. तिने माझी माहिती दोन पानांत नीटनेटकी बसवून दिली आणि मुलाखतीची एक तालीम घेतली, एवढे तिच्या बाजूने सांगता येईल. त्याबदल्यात मागितलेली रक्कम ८५,००० रुपये होती, दोन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता मुलाखतीपूर्वीच द्यायचा होता. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजन्सीला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. या एजन्सीचे नाव त्या यादीत नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले की आम्ही भरती करत नाही, ‘मार्गदर्शन’ करतो, म्हणून आम्हाला नोंदणी लागत नाही. मग ८५,००० रुपये कशाचे, असे मी विचारले तेव्हा पलीकडचा आवाज एकदम मॅडमवरून ताईवर आला.

याहून गंभीर गोष्ट व्हिसाची होती. ‘भारतीयांना व्हिसा लागत नाही, तुम्ही पर्यटक म्हणून जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ,’ असे मला तीन वेळा सांगण्यात आले. पर्यटनासाठी अशी सवलत असली, तरी तिच्यावर काम करता येत नाही. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्याशिवाय वर्क परमिट लागते, आणि वर्क परमिट हाती येण्यापूर्वी वर्गात उभे राहणे बेकायदा ठरते. सापडल्यास भोगायचे शिक्षकाला, एजन्सीला नव्हे. थायलंडच्या बाबतीत ही सावधगिरी भित्रेपणाची म्हणता येणार नाही. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने नेऊन तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले जात असल्याची सूचना परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच काढली होती, आणि मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना थायलंडच्या सीमेवरील माए सोत येथून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. माझ्या बाबतीत विद्यापीठ खरे होते. परंतु ते खरे आहे हे मला एजन्सीकडून कळले नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील परदेशी संबंध विभागाच्या पत्त्यावर मी स्वतः ईमेल केला, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या उत्तरात लिहिले होते की ही जागा आमच्याच संकेतस्थळावर दोन महिन्यांपासून जाहीर आहे व अर्जाला कोणतेही शुल्क नाही. त्यानंतर एजन्सीशी बोलण्याचे कारण उरले नाही.

आता विद्यापीठ. थायलंडमध्ये राजभट या नावाची ३८ विद्यापीठे आहेत. मुळात ती अध्यापक महाविद्यालये होती आणि २००४ च्या कायद्याने त्यांना विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला. माझा प्रस्ताव याच कुळातील एका विद्यापीठाचा आहे. बँकॉकमधील नामांकित विद्यापीठांशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही; आपल्याकडील जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या अनुदानित महाविद्यालयाची कल्पना केली तर अंदाज येतो. विद्यार्थी आसपासच्या भातशेतीच्या गावांतून येतात, बहुतेकांना शाळेत शिक्षक व्हायचे असते, आणि इंग्रजी हा विषय त्यांच्या डोक्यावरून जात असतो. हे वर्णन मला मुलाखत घेणाऱ्या विभागप्रमुख बाईंनीच ऐकवले, आणि ते ऐकताना मला बार्शीत मी शिकवते तो प्रथम वर्षाचा वर्ग समोर दिसत होता.

मुलाखतीतील वीस मिनिटांचा नमुना पाठ हा या सगळ्या व्यवहारातील मला सर्वांत आवडलेला भाग. थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही आणि शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुष्कळदा पूर्ण उच्चारले जात नाही, त्यामुळे इंग्रजी भूतकाळाचा प्रत्यय तिकडच्या विद्यार्थ्याच्या तोंडी येतच नाही आणि मग लिखाणातूनही गळतो, असे मी आधी वाचून ठेवले होते. आमची मुले याच्या नेमकी उलट चूक करतात. मराठीत प्रत्यय ठणठणीत उच्चारायची सवय असल्याने ती ‘वॉक्ट’ला ‘वॉकेड’ म्हणतात. मी फळ्यावर तीन रकाने केले, वॉक्ट, प्लेड आणि वाँटिड असे एकेक उदाहरण घेतले, आणि पडद्यापलीकडच्या तीन प्राध्यापकांना घशावर बोट ठेवून कंप कुठे लागतो आणि कुठे लागत नाही ते पाहायला सांगितले. तिघांनीही निमूटपणे बोटे ठेवली. मी मराठी माध्यमाची, पाचवीपासून एबीसीडी शिकलेली. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकावी लागली याचा उपयोग मला मुलाखतीत झाला असे हे पहिल्यांदाच घडले.

आणि तरीही आठवड्याने आलेल्या पत्रात वेतनाच्या दोन ओळी होत्या. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना दरमहा ३५,००० बाट (बाट हे थायलंडचे चलन) आणि इतरांना २७,०००. पदनाम तेच, तास तेच, पात्रताही तीच. तिकडच्या जाहिरातींत ही तफावत इतकी सर्रास आढळते की तिची कोणी लाजही बाळगत नाही. फिलिपिन्सच्या शिक्षकांनी कित्येक वर्षे तिकडच्या शाळा चालवल्या आहेत त्या याच खालच्या ओळीवर. मला ते अन्यायाचे वाटते, आणि मी तसे विभागप्रमुखांना लिहिलेही. त्यांनी उत्तरात एवढेच म्हटले की ही श्रेणी विद्यापीठाच्या परिषदेने ठरवली आहे. नंतर मी तो विषय वाढवला नाही, कारण तोवर मला कळून चुकले होते की या प्रस्तावातील खरी उणीव मासिक आकड्यात नाहीच.

पहिल्या मसुद्यात करार १ जुलै ते ३० एप्रिल असा दहा महिन्यांचा होता. मे आणि जून हे सुटीचे महिने, म्हणून त्यांचे वेतन नाही. एजन्सीने फोनवर ‘वार्षिक पॅकेज’ सांगताना अर्थातच २७,००० ला बाराने गुणले होते. दोन महिन्यांचे ५४,००० बाट म्हणजे बाटाला २ रुपये ६० पैसे या दराने १,४०,४०० रुपये होतात, आणि माझ्यासारखीच्या हिशेबात ही रक्कम सगळा निकाल फिरवणारी आहे. शिवाय करार संपला की वर्क परमिट संपते आणि त्याच्या आधारावरील मुक्कामाची परवानगीही संपते, म्हणजे दरवर्षी एप्रिलअखेर देश सोडायचा, विमानभाडे स्वतः भरायचे आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून कागद जमवायचे. ‘मोफत निवास’ असे जे एजन्सीने सांगितले होते ते मसुद्यात दरमहा ३,००० बाटांचा घरभत्ता म्हणून उतरले होते. अध्यापनाचे तास आठवड्याला पंधरा होते, हे चांगलेच. परंतु त्याखाली ‘विद्यापीठ वेळोवेळी सोपवील ती इतर कामे’ ही ओळ होती. असली ओळ जगातल्या प्रत्येक नोकरीच्या करारात सापडेल, तेव्हा तिच्या पोटात काय आहे ते तिथे काम करणाऱ्यालाच विचारावे लागते.

म्हणून मी विभागप्रमुखांकडून तेथे आधीपासून शिकवणाऱ्या एका फिलिपिनो अध्यापिकेचा संपर्क मागितला. त्यांनी तो बिनदिक्कत दिला, आणि विद्यापीठाविषयी माझे मत बरे होण्याचे ते पहिले कारण ठरले. त्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर पाऊण तास दिला. ‘इतर कामे’ म्हणजे महिन्यातून एखाद्या शनिवारी शाळकरी मुलांचे इंग्रजी शिबिर, सहकाऱ्यांच्या शोधनिबंधांचे इंग्रजी सारांश तपासून देणे, आणि तास असोत वा नसोत, साडेआठ ते साडेचार बोटाच्या ठशाने हजेरी. सारांशांचे काम परीक्षेच्या काळात सर्वांत जास्त येते, असे त्या हसत म्हणाल्या. पगार महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास न चुकता होतो. हे त्यांनी इतक्या सहज सांगितले की मला त्यांना दोनदा विचारावे लागले. गेल्या वर्षीच्या पहिल्या सत्राचे माझे मानधन फेब्रुवारीत जमा झाले होते, हे काही मी त्यांना सांगितले नाही.

मग फोन हातात घेऊन त्यांनी आपली खोली दाखवली. एक पलंग, एक कपाट, गॅलरीत सिंकशेजारी ठेवलेली एकाच चुलीची इंडक्शन शेगडी, आणि दारामागे घरमालकाने चिकटवलेला कागद, ज्यावर विजेचा दर युनिटला ८ बाट असा हाताने लिहिलेला होता. खोलीचे भाडे ४,००० बाट, पण सुरुवातीला दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे, म्हणजे उतरल्या उतरल्या १२,००० बाट खिशात हवेत. शाकाहाराचे विचारल्यावर त्यांनी खिडकीतून खालचा चौक दाखवला. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले दुकान असले तर तेथे मासे-मांस नसते, एरवी पपईच्या तिखट कोशिंबिरीतसुद्धा माशाचा रस असतोच. शेगडी एक असली तरी वरण-भात होईल, असे आई मागून म्हणाली. ती तोपर्यंत कॉलमध्ये शिरली होती.

त्या रात्री आम्ही घरी हिशेब मांडला, आणि जे असल्या प्रस्तावावर विचार करत असतील त्यांच्यासाठी तो जसाच्या तसा देते. भाडे ४,००० मधून घरभत्ता वजा जाता १,०००, वीज-पाणी १,०००, जेवण ६,५००, भाड्याची स्कूटर आणि पेट्रोल २,५००, फोन ४००, सामाजिक सुरक्षा निधीची कपात ८७५, इमिग्रेशनच्या कामांसाठी बाजूला ५०० आणि किरकोळ २,०००. बेरीज १४,७७५ बाट. उरतात १२,२२५, म्हणजे सुमारे ३२,००० रुपये. आयकराचा बाऊ करण्याचे कारण नाही. तिकडे उत्पन्नातून १,००,००० पर्यंतची खर्चाची वजावट, ६०,००० ची वैयक्तिक वजावट आणि निधीतील कपात वजा होते, उरलेल्या रकमेतील पहिल्या १,५०,००० वर कर नाही, आणि बारा महिन्यांचा पगार व घरभत्ता धरूनही मला वर्षाला जेमतेम १,९७५ बाट भरावे लागतील. सामाजिक सुरक्षेचे वैद्यकीय लाभ मात्र तीन महिन्यांची वर्गणी भरल्यावरच सुरू होतात, तेवढ्या काळाचा विमा आपला आपण काढावा लागतो.

आता दुसरे पारडे. मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. आठवड्याला नऊ तास, तासाला ९०० रुपये. ऐकायला महिन्याचे ३२,४०० होतात, पण परीक्षा, दिवाळी, युवा महोत्सव आणि प्रवेशाची रखडपट्टी यांत तास बुडतात आणि बुडालेल्या तासाला पैसे नाहीत. गेल्या वर्षी माझे २४० तास भरले आणि हाती २,१६,००० रुपये आले. म्हणजे येथे वर्षभरात जेवढे कमावते त्याहून जास्त तेथे खाऊन-पिऊन शिल्लक पडणार आहे. तेव्हा ‘कमी पगाराची नोकरी’ हे वर्णन कोणाच्या मोजपट्टीने करायचे हा प्रश्न मला पडला, आणि बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय शाळांतील पगारांचे आकडे पाठवून मला सावध करणाऱ्या हितचिंतकांना तो पडलेला दिसला नाही.

तरीही एक बाब अशी आहे की जिच्यापायी कमी आकडा पुढे महागात पडू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांत पूर्वीची सेवा, मग ती देशातील असो वा परदेशातील, थेट नियुक्तीसाठी व पदोन्नतीसाठी धरण्याची तरतूद आहे. मात्र ती सेवा कंत्राटी किंवा हंगामी असेल तर पात्रता कमी नसावी, निवड रीतसर समितीमार्फत झालेली असावी, आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण वेतनापेक्षा कमी नसावे, अशा अटी आहेत. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे आणि महागाई भत्ता धरला की आकडा ८५,००० च्या पुढे जातो. माझे २७,००० बाट ७०,२०० रुपये होतात, घरभत्ता धरून ७८,०००. म्हणजे तेथे पाच वर्षे घालवून परत आले तर त्या पाच वर्षांच्या सेवेवर मला हक्क सांगता येणार नाही. वरच्या ओळीतील ३५,००० बाट मात्र ९१,००० रुपये होतात. मातृभाषेच्या रकान्यातला तो फरक इतक्या लांबून येऊन इथे बोचतो, हे मला हिशेब मांडेपर्यंत सुचले नव्हते.

पण याच अटीला माझी येथील सात वर्षेही उतरत नाहीत, कारण तासाला ९०० रुपयांनी ती बेरीज कोठेच पोहोचत नाही. न धरल्या जाणाऱ्या दोन अनुभवांतून एक निवडायचा असल्यावर त्यातला पगार वेळेवर देणारा बरा, असे मी ठरवले. अर्थात जागा निघाल्या तर मुलाखतीला येथे असावे लागते, संस्थेत चेहरा ओळखीचा असावा लागतो, आणि काही ठिकाणी चेहऱ्याखेरीज आणखी बरेच काही लागते. ज्यांचा नंबर खरोखर जवळ आला आहे, ज्यांच्या संस्थेत जागा मंजूर आहे, त्यांनी या पगारावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएच.डी.चा प्रबंध अर्धवट असलेल्यांनीही दोनदा विचार करावा. साडेआठ ते साडेचारच्या हजेरीत प्रबंध लिहून होईल असे मला वाटत नाही.

मी विद्यापीठाला तीनच गोष्टी लिहून मागितल्या. करार बारा महिन्यांचा करावा आणि मे-जूनमध्ये मला उन्हाळी वर्ग द्यावेत. नॉन-इमिग्रंट बी व्हिसाची पत्रे मी भारतात असतानाच पाठवावीत. आणि थाई व इंग्रजी मसुद्यांत फरक पडल्यास थाई मजकूर ग्राह्य धरला जाईल असे कलम असल्याने त्या मजकुराची प्रत सहीपूर्वी द्यावी. पगारवाढ मागितली नाही. दहा दिवसांनी पहिल्या दोन्ही मागण्या मान्य झाल्याचे पत्र आणि थाई प्रत एकत्रच आली. ती प्रत मी पैसे देऊन एका अनुवादकाकडून वाचून घेतली, त्याचे ३,५०० रुपये मला एजन्सीने मागितलेल्या ८५,००० पेक्षा कितीतरी सार्थकी लागलेले वाटतात. त्यात एक ओळ निघालीच. वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास एका महिन्याचा पगार कापला जाईल, हे इंग्रजी मसुद्यात नव्हते. मी ते इंग्रजीतही लिहायला लावले आणि सही केली. अट जाचक आहे, पण आता ती दोन्ही भाषांत मला वाचता येते.

कागदांसाठी वेळ धरून ठेवावा. पदवी प्रमाणपत्रांवर आधी आपल्या विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याच्या उच्च शिक्षण विभागाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर, आणि माझ्या बाबतीत त्यावर वाणिज्य दूतावासाची मोहोरही मागण्यात आली. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला ५०० रुपयांत होतो. व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो. तिकडे पोहोचल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, आणि मधे घरी येऊन परत जायचे तर निघण्यापूर्वी १,००० बाट भरून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. तो न घेता विमानात बसले तर व्हिसा तिथेच रद्द होतो, हे त्या फिलिपिनो बाईंनी मला बजावून सांगितले आहे, कारण त्यांच्या एका सहकाऱ्याचे तसे झाले होते.

गेल्या सोमवारी महाविद्यालयात जाऊन मी विभागप्रमुख सरांना पत्र दिले. त्यांनी ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि थोडा वेळ वेळापत्रकाकडे पाहत बसले. ‘मॅडम, मग तुमचे नऊ तास कोणाला द्यायचे?’ त्यांनी विचारले. मागच्या वर्षी प्रतीक्षा यादीत माझ्या खाली असलेल्या मुलीचे नाव मी सांगितले. तिचा फोन नंबर त्यांनी माझ्याच पत्राच्या मागे लिहून घेतला.